मदिनेचा खंदक : मस्जिद अल-फतहपाशी जाताय, तर उत्तरेकडे बघा

खाडीपलीकडचा

उमऱ्याला (हजच्या दिवसांखेरीज एरवी करतात त्या मक्केच्या यात्रेला) जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी धागा काढतोय. ज्यांना जायचं नाही पण लढाया, किल्ले, नकाशे यांत रस आहे, त्यांनाही यात काहीतरी सापडेल.

मदिनेत जियारतीच्या (पवित्र जागांच्या भेटीच्या) बसचा फेरा ठरलेला असतो. कुबा, उहुद, किब्लतैन आणि मध्ये कुठंतरी 'सात मशिदी'. ही शेवटची जागा सगळ्यात घाईत उरकली जाते. बस पार्किंगमध्ये लागते, समोर नवी भलीमोठी मशीद दिसते. लोक दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढतात, फोटो काढतात, खजूरवाल्याशी भाव करतात, तोवर गाइडची हाक येते, "चला, चला, जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) आत हरमला (प्रेषितांच्या मशिदीत) पोचायचंय." आमच्या वेळच्या गाइडने बसमधून खाली न उतरताच माइकवर सांगितलं, "इथे खंदकाची लढाई झाली, वर डोंगरावर दिसतेय ती मस्जिद अल-फतह, ज्यांना जायचं त्यांनी लवकर जाऊन या." बसमधले निम्मे लोक उतरलेच नाहीत. उतरून तरी काय बघणार? खंदक तर दिसत नाही. रस्ते, सिग्नल, इमारती. तासाभराने कुणाला विचारलं असतं की तुम्ही रणांगणावर उभे होतात, तर खरं वाटलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : ही जागा खाली उभं राहून कळत नाही. पायऱ्या चढून वर जा. नमाज झाली की किब्ल्याकडे (नमाजेच्या, म्हणजे मक्केच्या दिशेकडे) पाठ करा (मदिनेहून मक्का दक्षिणेला आहे, म्हणजे पाठ केली की तोंड आपोआप उत्तरेला होतं) आणि समोर बघा. क्षितिजावर जी लांबलचक तांबूस भिंत दिसते तो उहुद. तो आणि तुम्ही यांच्यामधला सपाट पट्टा म्हणजे मदिनेचा उघडा दरवाजा. सगळी लढाई त्या दरवाजाची आहे.

थोडी पार्श्वभूमी. साल ५ हिजरी, म्हणजे इसवी सन ६२७. त्याआधी दोन वर्षं उहुदला मुसलमानांची सत्तर माणसं पडली होती. आता मक्केचे कुरैश एकटे येत नव्हते. गतफान आणि इतर टोळ्या जोडून मोट बांधली होती. परंपरेने सांगितला जाणारा आकडा दहा हजारांचा, त्यात कुरैश आणि त्यांचे जोडीदार चार हजार, सेनापती अबू सुफियान. मदिनेत लढू शकणारे तीन हजार. उघड्यावर भिडलं तर काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी सुचवलं की आमच्या मुलखात, इराणात, घोडदळाची भीती असली की आम्ही खंदक खणतो. प्रेषित मुहम्मदांनी (स.) ते उचलून धरलं.

पण शहराभोवती गोल खंदक नाही खणला. गंमत इथेच आहे. मदिनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला लाव्ह्याची काळी पठारं आहेत, त्यांना हर्रा म्हणतात. पूर्वेचा हर्रा वाकिम, पश्चिमेचा हर्रा वब्रा. दक्षिणेला खजुराच्या दाट बागा आणि एकमेकींना चिकटलेली घरं, भिंती. तिकडून फौज ओळीने घुसणार कशी? राहिली उत्तर. म्हणून खणायचं ते फक्त उत्तरेला, पूर्वेच्या हर्ऱ्यापासून पश्चिमेच्या हर्ऱ्यापर्यंत, कमानीसारखं वाकवत. आणि फौजेची पाठ सलअ डोंगराला. मस्जिद अल-फतह याच सलअच्या वायव्य टोकावर आहे, म्हणजे तळाच्या ऐन मागे, खंदकाच्या वरच्या अंगाला. वेढा चालू असताना प्रेषितांनी इथे सलग दुआ (प्रार्थना) केली, त्या आठवणीची ही मशीद.

खंदक किती लांब होता? दर दहा माणसांमागे चाळीस हात असं काम वाटून दिलं होतं. तीन हजारांच्या तीनशे टोळ्या धरा. बारा हजार हात, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, सगळे तीन हजार फावडं घेऊन उभे असतीलच असं नाही. पण हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्ला यांनी विसाव्या शतकात या रणभूमी स्वतः पायी फिरून, मोजून नकाशे केले, त्यांचा अंदाजही याच घरात जातो. आणि हे काम काही दिवसांत उरकलं. कुणी सहा दिवस सांगतं, कुणी त्याहून जास्त. काळ कडाक्याच्या थंडीचा, पोटात अन्न नाही, कुदळी-पाट्यांतल्या काही शेजारच्या बनू कुरैझा या ज्यू टोळीकडून मागून आणलेल्या. माती आतल्या अंगाला टाकायची, म्हणजे खंदकाला आपोआप बांध मिळतो. सलअवरचे दगड आणून त्या बांधावर रचायचे, फेकायला.

मशीद स्वतः लहानशी आहे. भपका शून्य. मूळ बांधणी मदिनेचे तेव्हाचे सुभेदार उमर बिन अब्दुल अजीज यांच्या काळची, म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीची सांगतात. बाराव्या शतकात इब्न अबी अल-हैजा नावाच्या सरदाराने ती नव्याने बांधली, पुढे उस्मानी काळात आणि सौदी काळातही डागडुजी झाली. तेव्हा 'चौदाशे वर्षं जुन्या भिंती' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. जुनी आहे ती जागा.

---

भुईकोट

वाखुसा (वाचनखूण साठवली)! माझ्यासारख्या किल्ल्यांच्या वेड्याला असं कुणी लढाईच्या जागेबद्दल जमिनीपासून सांगितलं की बरं वाटतं. नाहीतर सगळे सन आणि सरदारांची नावं सांगून मोकळे.

आपल्याकडच्या नगरच्या किंवा परांड्याच्या किल्ल्याचा खंदक बघितला की तो किल्ल्याला कमरपट्ट्यासारखा चारी बाजूंनी असतो, कारण भुईकोटाला निसर्गाची मदत कुठलीच नसते. मदिनेची गोष्ट उलट दिसते. तीन बाजू निसर्गाने आणि शेतकऱ्यांनी आधीच बंद केलेल्या. म्हणजे ही कल्पना 'इराणी' असली तरी ती कुठे वापरायची हे ठरवणारा माणूस मदिनेची जमीन पाठ असलेला असणार.

एक शंका. लाव्ह्याच्या पठारावरून फौज येऊ शकत नाही हे जरा पचत नाही. आपल्याकडे सह्याद्रीच्या कातळावरून घोडी येत-जात होतीच की.

---

कृष्णप्रस्तर

भुईकोट, शंका रास्त आहे. भूगर्भाचा विद्यार्थी म्हणून उत्तर देतो.

दगड एकाच जातीचा आहे, बेसॉल्ट. फरक वयाचा. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या पावसाळ्यांत तो झिजला, माती झाली, वर गवत आलं, पायवाटा पडल्या. मदिनेभोवतीचा हर्रा रहात त्यामानाने कालचा पोर. १२५६ साली तर तो पुन्हा फुटला होता, लाव्हा मदिनेच्या दिशेने वाहत आला आणि शहराच्या अलीकडे थांबला. त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. पाऊस नगण्य, त्यामुळे झीज कमी. त्या पठारावर फुटलेल्या बाटल्यांसारखे धारदार, डळमळते धोंडे पसरलेले असतात. उंटाचा पाय मऊ गादीचा, वाळूसाठी घडलेला. त्याला तिथून चालवणं म्हणजे त्याला लंगडा करणं. घोडाही दौडत जाणार नाही, लगाम धरून उतरवत न्यावा लागेल. एकेकटा माणूस चढून येऊ शकतो, नाही असं नाही. पण घोडदळाचा हल्ला? नाव नको.

आणखी एक. सलअ आणि उहुद हे दोन डोंगर या लाव्ह्याचे नव्हेत. ते फार जुन्या खडकाचे आहेत, रंगानेही वेगळे, तांबूस-करडे. वर उभं राहिलं की काळं पठार आणि लालसर डोंगर हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. धागाकर्त्याने 'तांबूस भिंत' म्हटलंय ते नेमकं आहे.

---

बंदरवाडीची

धागा वाचून आजीची आठवण आली. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. आजोबा खलाशी, पुढे वय झाल्यावर मुंबईहून बोटीने हजला गेले. (ती बोटीची यात्रा १९९५ ला बंद झाली, आताच्या पोरांना खरंही वाटत नाही की मुंबई ते जेद्दा लोक समुद्रातून जायचे.) आजोबांनी खंदकाबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगायची ती आजी, जी कधी गेलीच नाही.

तिची गोष्ट हजरत जाबिर (रजि.) यांची. खंदक खणताना जाबिरना दिसलं की प्रेषितांनी (स.) भुकेने पोटाला दगड बांधलाय. ते घरी गेले, बायकोला विचारलं, घरात आहे काय? एक मापभर जव आणि एक बकरीचं पिल्लू. पिल्लू कापलं, बायकोने पीठ दळलं, मळलं. जाबिर निघाले तेव्हा ती म्हणाली, "त्यांना आणि दोन-चार जणांनाच बोलव, मला तोंडघशी पाडू नकोस." जाबिरनी कानात सांगितलं. आणि प्रेषितांनी खंदकावरच्या सगळ्यांना हाक मारली, "चला, जाबिरने जेवण केलंय!" जाबिरना निरोप दिला की मी येईपर्यंत हंडी चुलीवरून उतरवू नका आणि भाकऱ्या भाजायला घेऊ नका. हजार माणसं जेवली आणि हंडी तशीच रटरटत होती.

आजी हे सांगायची ते नेमकं घरी पाहुणे न सांगता आले की. तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता. जाबिरच्या बायकोचं बोलणं सांगताना तिचा आवाज बदलायचा, कारण ती तिची स्वतःचीच तक्रार होती. आजोबा बंदरावर भेटेल त्याला जेवायला घेऊन यायचे. हंडीवरचं झाकण ती पूर्ण कधी काढायची नाही, थोडं सरकवायची, पळी आत घालायची, पुन्हा झाकायची. मला फार उशिरा कळलं की ते त्या गोष्टीतलं झाकण होतं.

---

शंकासुर

चांगला धागा. पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

१. ही मशीद नेमकी 'त्याच' जागी आहे याला पुरावा काय? आपल्याकडे प्रत्येक डोंगरावर पांडव जेवून गेलेत.

२. खंदकाच्या लढाईनंतर बनू कुरैझाचं काय झालं, ते या जियारतीत कुणी सांगतं का?

---

खाडीपलीकडचा

शंकासुर, वाईट कशाला वाटेल.

पहिल्याचं उत्तर : नकाशावर बोट ठेवून 'इथेच' म्हणता येईल असा उत्खननाचा पुरावा नाही. परंपरा जुनी आहे. जाबिर यांच्याच नावाने एक कथन आहे की प्रेषितांनी या जागी सोमवार, मंगळवार, बुधवार अशी तीन दिवस दुआ केली आणि बुधवारी, दोन नमाजांच्या मध्ये, ती कबूल झाली. त्या कथनाच्या भक्कमपणाबद्दल हदीसच्या (प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांच्या) जाणकारांत मतभेद आहेत. पण जमिनीच्या बाजूने बघा. सलअ कुठला याबद्दल वाद नाही. तळ सलअला पाठ लावून होता यावर वाद नाही. त्या डोंगराच्या ज्या टोकावरून उत्तर आणि वायव्य दोन्ही दिसतात, ते हेच टोक. मी सेनापती असतो तर दिवसातून चार वेळा तिथे चढलो असतो. पांडवांच्या पंगतीपेक्षा हा दावा बराच बरा आहे. :)

खालच्या बाकी मशिदींबद्दल मात्र तुमची शंका रास्त. सलमान फारसी, अबू बक्र, उमर, अली, फातिमा अशा नावांच्या त्या छोट्या मशिदी. कोण कुठे उभं होतं त्यावरून नावं पडली असं सांगतात, पण नावं काळाप्रमाणे बदललेली दिसतात. 'सात' म्हणतात खरं, पण इथे होत्या सहाच. सातवी म्हणून किब्लतैन धरतात, जी इथे नाहीच. आणि नवी मोठी मशीद आल्यावर अबू बक्र यांच्या नावाची छोटी मशीद गेली. म्हणजे आता मोजायला गेलं तर सातही नाहीत आणि सहाही नाहीत, पण बसच्या कागदावर 'सात मशिदी' कायम.

दुसऱ्याचं उत्तर कुणी माझ्याहून जास्त वाचलेल्याने द्यावं.

---

जुनीवही

मी देतो, थोडक्यात, आणि धागा त्यावरच अडकणार नाही या अटीवर.

बनू कुरैझा ही मदिनेच्या दक्षिणेकडची ज्यू टोळी. त्यांचा मुसलमानांशी करार होता. वेढा चालू असताना बनू नझीर या दुसऱ्या ज्यू टोळीच्या हुयय्य बिन अख्तबने त्यांना फोडलं असं इब्न इसहाकसारखे जुने चरित्रकार सांगतात. आता वरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खंदक उत्तरेला आणि कुरैझा दक्षिणेला, ज्या बाजूला खंदक नाही तिथे. बायका-मुलं मागच्या गढ्यांमध्ये ठेवलेली. मदिनेत एवढी घबराट का उडाली ते यावरून कळतं. प्रेषितांच्या आत्या सफिय्या यांनी गढीभोवती घिरट्या घालणाऱ्या एका माणसाला तंबूच्या खांबाने मारलं, ती गोष्ट त्याच भीतीची.

वेढा उठल्यावर मुसलमानांनी कुरैझाला वेढलं. ते शरण आले. निवाडा साद बिन मुआज यांच्यावर सोपवला गेला. कुरैझाच्या जुन्या दोस्त टोळीचे ते सरदार, आणि खंदकावर बाण लागून जखमी झालेले. निवाडा असा झाला की पुरुषांना मारावं आणि बायका-मुलांना कैद करावं. मारलेल्यांची संख्या इब्न इसहाक सहाशे ते सातशे देतो, आठशे-नऊशे म्हणणारेही होते हेही तोच नोंदवतो. हदीसमध्ये चारशेचा आकडाही येतो. आधुनिक काळात काही अभ्यासकांनी या आकड्यांवर आणि तपशिलांवर शंका घेतली आहे, बहुतेकांनी घटना झाली हे मान्य केलं आहे. मुसलमान परंपरेने हे लपवलेलं नाही, आपण जे वाचतो ते त्यांच्याच जुन्या ग्रंथांतून. पण बसमधला गाइड हे सांगत नाही, हे खरं. तसा तो नुऐम बिन मसऊदबद्दलही सांगत नाही, ज्याने वेढा फोडला.

---

भुईकोट

नुऐम कोण? सांगाच आता.

---

जुनीवही

गतफानचा माणूस. मुसलमान झाला होता, पण त्याच्याच लोकांना ठाऊक नव्हतं. प्रेषितांनी त्याला सांगितलं की तू एकटा आहेस, जमेल तितकी फूट पाड, लढाई म्हणजे डाव. तो आधी कुरैझाकडे गेला. म्हणाला, हे कुरैश आणि गतफान उद्या उठून आपल्या घरी जातील, तुम्ही मुहम्मदाच्या शेजारी उरणार. त्यांचे काही मोठे लोक ओलीस मागून घ्या, मगच लढा. मग कुरैशांकडे गेला. म्हणाला, कुरैझा पस्तावलेत, ते तुमच्याकडे ओलीस मागतील आणि मुहम्मदाच्या हवाली करतील. गतफानलाही तेच. झालं! कुरैझाने ओलीस मागितले, कुरैशांनी नाही म्हटलं, आणि दोघांनाही वाटलं की नुऐम खरं बोलत होता. बहिर्जी नाईकांच्या मुलखात याचं फार अप्रूप वाटू नये, पण डाव सुरेख आहे. दोन्हीकडे त्याने जे सांगितलं ते अगदी शक्य कोटीतलं होतं, म्हणून तर पटलं.

आणि त्यात हवामान. पीक आधीच कापून आत घेतलेलं, त्यामुळे वेढा घालणाऱ्यांच्या जनावरांना बाहेर चारा नाही. तीन-चार आठवडे गेले. मग एका रात्री वावटळ, थंडी. तंबू उडाले, हंड्या उलथल्या, चुली विझल्या. त्या रात्री प्रेषितांचे साथी हुजैफा यांना शत्रूच्या तळावर पाठवलं बातमी काढायला. अंधार मिट्ट. अबू सुफियान म्हणाला, प्रत्येकाने आपल्या शेजारी कोण बसलाय ते तपासा. हुजैफाने लगेच शेजारच्याचा हात धरला आणि आपणच आधी विचारलं, "तू कोण रे?" तो बिचारा नाव सांगत बसला, याला विचारायचं राहूनच गेलं.

एवढ्या मोठ्या वेढ्यात मेले किती? परंपरेप्रमाणे मुसलमानांचे सहा, हल्लेखोरांचे तीन. कुराणात या लढाईच्या नावाची सुराच आहे, अल-अहजाब, तेहतिसावी. तिच्या नवव्या आयतीत हा वारा येतो.

---

खाडीपलीकडचा

हुजैफाची गोष्ट मीही इथे प्रथमच मराठीत वाचली, मजा आली.

हल्लेखोरांच्या मेलेल्या त्या तिघांतला एक अम्र बिन अब्दवुद्द. नामांकित योद्धा. खंदक सगळीकडे सारखा रुंद नव्हता. एका अरुंद जागी यांनी घोडी उडवली आणि चार-दोन जण आत आले. हजरत अलींनी (रजि.) अम्रला द्वंद्वात मारलं, बाकीचे उलटे पळाले. त्यांतला इक्रिमा तर भाला टाकून पळाला. मागे नौफल नावाचा स्वार घोड्यासकट खंदकात पडला. बस, घोडदळाचा काय तो एवढाच प्रताप. खंदक 'चालला' तो असा : तो अभेद्य नव्हता, पण ओलांडायला जितका वेळ लागे तितक्यात वरून दगड आणि बाण येत. म्हणून तो राखायला पहारे हवेत, रात्रंदिवस. एक दिवस तर लढाईच्या धामधुमीत असरची (तिसऱ्या प्रहरची) नमाज राहिली, ती सूर्य बुडाल्यावर पढली गेली. खणणं हे सोपं काम होतं, राखणं अवघड.

---

दोन_रकात

अस्सलामु अलैकुम. माहिती चांगली आहे, जझाकल्लाह. फक्त एक सांगतो, गैरसमज नको. मदिनेत जियारत म्हणून ज्या जागांना आधार आहे त्या म्हणजे मस्जिद-ए-नबवी (प्रेषितांची मशीद), कुबा, जन्नतुल बकी (जुनं कब्रस्तान), उहुदचे शहीद. सात मशिदींना खास सवाब (पुण्य) म्हणून जाण्याला सौदी उलेमा (धर्मपंडित) आधार मानत नाहीत. आपले लोक तिथे भिंतींना हात लावून तोंडावरून फिरवतात, चिठ्ठ्या ठेवतात. धाग्यामुळे आणखी गर्दी व्हायला नको.

---

खाडीपलीकडचा

व अलैकुम अस्सलाम. मान्य. मी कुणाला सवाब मोजायला पाठवत नाहीये. हात भिंतीला न लावता डोळे उत्तरेला लावा, एवढंच सांगतोय. पण तुमच्या मुद्द्याची दुसरी बाजूही सांगतो. 'लोक चुकीचं करतात' म्हणून जुनी वास्तू काढून टाकायची, हा उपाय मला पटत नाही. मग पुढच्या पिढीला पार्किंगमध्ये उभं करून सांगावं लागतं की कल्पना करा. अंधश्रद्धेवर उपाय म्हणजे एक बरा फलक आणि एक नकाशा. खंदकाची रेघ आजच्या रस्त्यांवर काढून दाखवणारा फलक तिथे वर लावला, तर माझ्या मते निम्मे लोक चिठ्ठ्या विसरून तो नकाशाच बघत बसतील.

---

बंदरवाडीची

नकाशाला +१. आणि बायकांसाठी वर जाणं-येणं कसं आहे तेही लिहा. आमच्या ग्रुपमध्ये पुरुष वर गेले आणि आम्हाला खाली पिशव्या सांभाळायला बसवलं.

---

रियाधकर_पुण्याचा

मी हिंदू आहे, नोकरीसाठी सौदीत असतो. मला हे बघता येईल का? एकाने सांगितलं मदिनेत पाऊलच ठेवता येत नाही, दुसरा म्हणतो आता चालतं.

---

जुनीवही

मस्जिद-ए-नबवीच्या आवारात गैरमुस्लिमांना प्रवेश नाही, हे आजही तसंच. शहराच्या बाबतीत पूर्वी हरमच्या हद्दीवर 'फक्त मुसलमानांसाठी' अशा पाट्या असायच्या, त्या काही वर्षांपूर्वी बदलून 'हरमची हद्द' अशा झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांचं शिष्टमंडळ मदिनेत गेलं होतं, नबवीच्या बाहेरचा परिसर, कुब्याचा बाहेरचा परिसर आणि उहुद पाहून आलं. त्याचे फोटो त्यांनीच टाकले होते आणि आपल्याकडे त्यावर भरपूर गहजबही झाला. पण मंत्र्यांचं शिष्टमंडळ वेगळं आणि तुम्ही-आम्ही वेगळे. कंपनीतल्या कुणा स्थानिक माणसाला विचारून, नियम तपासूनच जा.

---

खाडीपलीकडचा

रियाधकर, जुनीवहींशी सहमत. नियमाचा भाग पक्का करूनच निघा.

बंदरवाडीची, बायकांनी वर जायला हरकत घेतलेली मी पाहिली नाही, माझी आई आणि मावशी दोघी गेल्या. पिशव्या पुढच्या वेळी पुरुषांकडे द्या. मशिदीचा दरवाजा कधी कधी बंद असतो, तेव्हा आत नमाज मिळेलच असं धरून जाऊ नका. बाहेरच्या पायरीवरून दिसायचं ते दिसतंच.

बाकी व्यावहारिक. नबवीपासून जागा लांब नाही, अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे, टॅक्सीने तर काहीच नाही. जियारतीच्या बसवर अवलंबून राहू नका. फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) लगेच किंवा असरनंतर जा. दुपारी दगड तापतात आणि समोरचा उहुद धुरकट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या घळ्या स्पष्ट दिसतात.

---

गुडघेदुखी_संघ

पायऱ्या किती आहेत हो? अम्मीला घेऊन जायचंय, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

---

खाडीपलीकडचा

मोजल्या नाहीत, पण रायगड नव्हे, टेकाडच आहे. माझ्या आईने मध्ये बसत बसत चढल्या. अम्मींना जमत नसेल तर खालून थोडं डावी-उजवीकडे सरकून, इमारतींच्या मधून उहुद दिसेल अशी जागा धरा आणि खुर्चीवर बसवून सांगा की सलअ तुमच्या पाठीशी आहे. तळातले बहुतेक लोकही खालीच होते. आणि हो, पाण्याची बाटली बसमध्ये विसरू नका, वर काही मिळत नाही.